चटईतला ठेका

माझ्या भावाला कुणी कलाकार म्हटलं की तो कावराबावरा होतो आणि शर्टाचं वरचं बटण लावायला लागतो. प्रशील जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला आहे. प्लास्टिकच्या चटया, लग्नात पंगतीला अंथरतात त्या. त्यांच्यावरचे पट्टे कोणत्या रंगाचे, किती जाड, कशानंतर काय यायचं, हे तो ठरवतो. तुम्ही जेवताना ज्या पट्ट्यावर मांडी घालून बसता, तो कुणीतरी डोकं खाजवून ठरवलेला असतो, हे तुमच्या कधी मनात आलं नसेल. माझ्याही आलं नव्हतं.

मी त्याची थोरली बहीण. जामनेर तालुक्यात शाळेवर शिक्षिका आहे आणि आठवड्याच्या शेवटी जळगावला माहेरी येते. घरात मी, प्रशील, माय आणि आबा. माय म्हणजे पार्वताबाई, आबा म्हणजे चिंधा. आमचं मूळ गाव एरंडोलच्या अलीकडचं. आईबाप अजून तिकडचीच भाषा बोलतात, आणि आम्ही दोघं शहरात वाढल्यामुळे त्यांना पुस्तकी मराठीत उत्तरं देतो. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. पाहुणे मात्र एकदा याच्या तोंडाकडे बघतात, एकदा त्याच्या.

प्रशीलचे हात लहानपणापासून वळवळे. पाटी, डबा, दप्तर, माझी पाठ, जे हाताला लागेल ते वाजवायचा. आणि आमच्या घरात नेमकं तेच चालत नव्हतं. आबा तसा शांत माणूस. मार्केट यार्डात हमाली केली, मग एका शाळेत शिपाई म्हणून लागला, आम्हाला शिकवलं, आवाज कधी चढवला नाही. पण ताटावर बोटं वाजली की जेवणावरून उठून जायचा. प्रशील सहा-सात वर्षांचा असताना त्याने रिकामा तेलाचा डबा वाजवला, तेव्हा आबाने तो डबा पायाने चेपून भंगारात टाकला. गल्लीत भीमजयंतीला ढोलकी वाजायची, गाणी व्हायची. आबा गाण्याला बसायचा, टाळ्या वाजवायचा, पण प्रशीलला ढोलकीजवळ फिरकू द्यायचा नाही.

कारण आम्हाला माहीत होतं, पण अर्धवट. गावी आबा डफडं वाजवायचा. हलगी म्हणा, आमच्याकडे डफडंच म्हणतात. आजाही वाजवायचा. गावात कुणाचं लग्न असो, कुणी मरो, दवंडी असो, बोलावणं आलं की आमच्या वस्तीने डफडं घेऊन जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि बदल्यात काय, तर उरलेली भाकरी. पुढे वस्तीने ठरवलं, आता कुणी वाजवायचं नाही. सगळ्यांनी आपापली डफडी आणून एका जागी पेटवली. त्यानंतर गावाने वस्तीला पिठाची चक्की बंद केली, कामं बंद केली, आणि आमचं कुटुंब जळगावला आलं. इतकं मायने सांगितलं होतं. आबाने एक अक्षर सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पंचक्रोशीत आबासारखा वाजवणारा नव्हता, हे तर मला फार उशिरा कळलं. तेही आमच्याच गावच्या सुंदरबाईकडून, आबाकडून नव्हेच.

तर असा हा मुलगा, हात वळवळे आणि वाजवायला बंदी, तो जाऊन पडला चटईच्या कारखान्यात. तिथला आवाज मी एकदाच ऐकला आणि अर्धा दिवस माझं डोकं ठणकत होतं. उभे धागे ताणलेले, त्यातून प्लास्टिकच्या नळ्या आडव्या जातात, आणि प्रत्येक नळी गेली की मशीन एक दणका देऊन तिला आधीच्या नळीला चिकटवतं. अशी मशीनं ओळीने. बाकीचे कामगार कानात बोळे घालून, कपाळाला आठ्या पाडून उभे असतात. प्रशील बोळे घालून हसत उभा असतो. पहिल्या पगाराच्या दिवशी तो मला म्हणाला होता, "अक्का, तिथे सगळं वाजतंय आणि कुणी ओरडत नाही." तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

डिझाइनकडे तो वळला तो अगदी साध्या विचाराने. एक नळी म्हणजे एक दणका. मग ज्या दणक्यावर जोर, तिथे गडद रंग घालायचा. जिथे थांबायचं, तिथे पांढरा. चौकटीच्या कागदावर त्याने पहिली चटई रंगवली ती मायच्या भाकरी थापण्यावरून. माय कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापते तेव्हा आधी दोन जड थापा पडतात, मग भराभर हलक्या, आणि भाकर फिरवताना जरा शांतता. जाड पट्टे दोन, बारीक पट्ट्यांची रांग, मग पांढरी मोकळी जागा. बन्सीलाल शेठने, म्हणजे कारखान्याच्या मालकाने, ती चटई उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "दिसायला बरं आहे, पण कशाचं आहे हे?" प्रशीलने सांगितलं नाही. चटई खपली. शेठने पुन्हा कधी विचारलंही नाही, नवीन डिझाइन आण म्हणाला.

मग सुरूच झालं. भुसावळकडे जाणारी मालगाडी झाली. जामनेरची एसटी घाट नसतानाही घरघरते, तीही झाली. खुद्द बन्सीलाल शेठची जुनी स्कूटर झाली. चार किका, एक उसासा, मग फटफट. ती चटई शेठने स्वतःच्या बंगल्याच्या गच्चीवर अंथरली आहे, त्याला पत्ता नाही. एक चटई माझ्या घोरण्यावर आहे असं प्रशील म्हणतो. मी घोरत नाही, पण पट्टे चांगले जमलेत हे मान्य करते.

नवी चटई निघाली की तिचा तुकडा तो घरी आणायचा आणि जमिनीवर पसरायचा. मग आम्ही ओळखायचं, हा कशाचा आवाज. हा आमचा घरचा खेळ होऊन बसला होता. माय दर वेळी आगगाडीच म्हणायची. मी मास्तरीण असल्यामुळे विचार करून, कारणं देऊन, चुकीचं उत्तर द्यायचे. आणि आबा? आबा चहा पीत लांबूनच नजर टाकायचा. पट्ट्यावरून डोळे एकदा फिरवायचा आणि सांगायचा, "एसटी शे." किंवा, "हाई तं माय भाकर थापी ऱ्हायनी." एकदाही चुकला नाही. आम्ही त्याला डोक्यावर घ्यायचो, तो लाजायचा. बोटांनी वाजवायचं नाही, पण डोळ्यांनी ऐकलं तर चालतं, असा कायदा त्याने मनाशी केला असावा. बापलेकांना एकमेकांशी बोलायला तेवढी एकच जागा होती, आणि ती मला फार आवडायची.

यंदा आमच्या वस्तीतल्या विहाराचं नवं सभागृह पूर्ण झालं. त्याच्यासाठी आबाने म्हातारपणी विटा उचलल्या, पोरांना ओरडला, गवंड्याशी भांडला. बुद्धपौर्णिमेला पहिली वंदना तिथे व्हायची होती आणि जमिनीवर अंथरायला चटया हव्या होत्या. प्रशील म्हणाला, मी करतो. बन्सीलाल शेठनेही मशीन मोकळं करून दिलं. रंग ठरले, निळा आणि पांढरा. पण डिझाइन काही सुचेना. विहारात मालगाडी कशी चालेल? भाकरी चालली असती, पण ती बाजारात आधीच गेली होती. त्याला विहारासाठी काहीतरी आबाचं हवं होतं. आणि आबाचा तर आवाजच नव्हता. चालतोसुद्धा मांजरासारखा.

एप्रिलमध्ये, ऐन उन्हाच्या दुपारी, आबा पलंगावर झोपला होता आणि कूलर खडखडत होता. आमचा कूलर जुना आहे, त्याचा पंखा फिरताना कशाला तरी घासतो आणि टकटक करतो. प्रशील पाणी भरायला गेला आणि बघतो तर आबाची उजव्या हाताची बोटं पलंगाच्या लोखंडी पट्टीवर हलत होती. झोपेत. कूलरच्या टकटकीवर त्याने काहीतरी धरलं होतं. दोन सावकाश, जड. मग एक बारीक, पुन्हा जड, आणि मध्ये इतकी लांब जागा सोडायचा की वाटावं, संपलं. मग पुन्हा दोन जड. प्रशील पाण्याची बादली हातात धरून तिथेच उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याने बापाला वाजवताना ऐकलं होतं.

त्याच संध्याकाळी त्याने कागद रंगवला. मला फोन करून म्हणाला, "अक्का, सापडलं. आबाचं स्वतःचं आहे." इतका खूश मी त्याला क्वचित ऐकला असेल. मीही खूश झाले. आबाला सांगायचं नाही, खेळात ओळखू द्यायचं, असं आम्ही ठरवलं. सगळ्या चटया विणून झाल्या, गुंडाळून विहारात नेऊन ठेवल्या, आणि एक तुकडा शनिवारी घरी आला.

प्रशीलने तो पसरला. जाड निळे दोन, बारीक एक, जाड एक, मग पांढरं रिकामं मैदान, आणि पुन्हा तेच. माय म्हणाली, "माले तं आगगाडीच वाटस." मी हसून आबाकडे पाहिलं. आबाने कप खाली ठेवला होता. तो उठून जवळ आला, खाली वाकला आणि पट्ट्यांवर हात ठेवला. हात मागे घेतला.

"कोठून आना हाऊ?"

"आबा, तुमचाच आहे," प्रशील म्हणाला. "दुपारी झोपेत बोटं वाजवत होतात तुम्ही. तेच घेतलं. विहारासाठी सगळ्या चटया अशाच केल्यात."

आबा वाकलेलाच म्हणाला, "हाऊ मढाना ठेका शे."

मढ्यापुढे वाजवायचा ठेका. गावात कुणी मोठा माणूस गेला की तिरडीच्या पुढे डफडं वाजवत जायचं ते हेच. मायने मग सांगितलं, आबाने तो पहिल्यांदा वाजवला तेव्हा सहा-सात वर्षांचाच होता, प्रशीलने डबा वाजवला तेवढाच, आजाच्या शेजारी, अनवाणी. आणि माझ्या भावाने तो ठेका विहाराच्या जमिनीवर विणला होता, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, भगवंताच्या समोर. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झालीच नसती. ज्याच्या कानावर डफडं पडलं असतं, त्याने एका क्षणात ओळखलं असतं. आमच्या घरात आबाने ते इतकं कडक बंद ठेवलं होतं की त्याच्या मुलाला मयताचा ठेका ओळखता आला नाही.

प्रशील म्हणाला, "मी उद्याच परत नेतो. साध्या निळ्या करून देतो." त्या दिवसापासून तो प्रशीलशी बोलला नाही. रागावलाही नाही, नुसता बोलला नाही. ताट पुढे केलं तर घ्यायचा, दार उघडलं तर आत यायचा. प्रशीलला जेवण जाईना. ज्या एका खेळातून बाप आपल्याला भेटत होता, त्याच खेळात आपण बापाला नको तिथे नेऊन उभं केलं, हे त्याला खात होतं. मला दोघांचाही राग येत होता. एकाने इतकी वर्षं तोंड शिवून ठेवायचं आणि दुसऱ्याने न विचारता उचलून विणायचं, याला काय म्हणावं? मी आबाला तसं म्हणालेही. आबाने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "कोन्हले न इचारता बदलाना नही. बठ्ठास्ले इचारनं पडी."

सगळ्यांना विचारायचं म्हणजे वस्तीची बैठक. ती पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी नव्या सभागृहातच झाली. चटया कडेला गुंडाळलेल्या, लोक उघड्या फरशीवर बसलेले. प्रशील दाराशी उभा होता, त्याचा आत यायचा धीर होत नव्हता. आबा पुढे गेला. चारचौघांत बोलताना तो शुद्ध बोलायला बघतो आणि मध्येच घसरतो, एरवी मला त्याचं हसू येतं. त्या दिवशी नाही आलं.

"या चटईत मढ्याचा ठेका आहे," तो म्हणाला. "माझ्या पोराला माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं नव्हतं. आता वंदनेला या चटयांवर बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

विहार समितीचा सचिव योगराज, तरुण मुलगा, बँकेत आहे. तो समजुतीने म्हणाला, "आबा, हे नुसते पट्टे आहेत. आपल्याशिवाय कुणाला कळणार?"

"मला कळेल," आबा म्हणाला. "डोळे मिटले तरी कळेल."

म्हाताऱ्यांपैकी काहींनी माना खाली घातल्या. मग सुंदरबाई उठली. आमच्याच गावची, आबाच्या बरोबरीची, वस्तीतली सगळ्यात फाटक्या तोंडाची बाई. तिने गुंडाळीचं टोक ओढून थोडी चटई उघडली, पट्ट्यांकडे पाहिलं. तिला त्यातलं काही कळलं असेल असं नाही. मग आबाकडे वळून, डफडी पेटवली त्या दिवसाची आठवण देत म्हणाली, "चिंधा, आगमा पहिलं डफडं तू टाकं. बठ्ठास्मा चांगलं वाजाडे तू, आनि पहिले तूच टाकं. आते बी तूच सांग."

आबा गुंडाळ्यांकडे बघत उभा राहिला. बोलायला लागला तेव्हा शुद्ध बोलायचं तो विसरून गेला होता. पाटलाचा बाप मेला तेव्हा सकाळपासून वाजवलं, म्हणाला. वेशीपासून नदीपर्यंत. तिथे चिता पेटली, लोक झाडाखाली बसले, आणि आजा आणि तो उन्हात उभे. बसायची परवानगी नव्हती. सगळे घरी जाईपर्यंत ठेका थांबवायचा नाही आणि खाली बसायचं नाही. आजाचे पाय सुजलेले होते. त्याने एकदा टेकायला पाहिलं, तर लांबून कुणीतरी ढेकूळ मारलं. "मना बाप या ठेकावर कधी बसना नही," आबा म्हणाला. "एकदाबी नही."

मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

मग आबा वाकला आणि एका गुंडाळीची दोरी सोडायला लागला. गाठ घट्ट होती. योगराज मदतीला धावला, त्याला त्याने हाताने बाजूला केलं. गाठ सुटली. त्याने चटई ढकलली आणि ती निळी-पांढरी उलगडत थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेली. आबाने चपला आधीच बाहेर काढल्या होत्या. तो चटईच्या मधोमध गेला, पट्ट्यांवर, आणि मांडी घालून बसला. नीट, पाठ ताठ करून, दोन्ही हात मांडीवर.

"बसा बठ्ठा जन," तो म्हणाला.

सुंदरबाई पहिली बसली. मग बाकीचे उठून एकेक गुंडाळी उलगडायला लागले, आणि ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो बसला. मायने माझा हात धरून मला खाली ओढलं. शेवटी उभा फक्त एकच माणूस राहिला, दाराच्या चौकटीला टेकून, शर्टाचं वरचं बटण लावत.

आबाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"तू काबर उभा शे?" तो म्हणाला, आणि सरकून शेजारी जागा केली. "बस."